बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी

गोंदियाहून पूर्वेस निघालेली गाडी आमगाव आणि सालेकसा ही स्थानके मागे टाकून पुढे सरकू लागली, की तोवर दोहों बाजूंस क्षितिजापर्यंत पसरलेल्या धानाच्या बांध्या हळूहळू आकसत जातात, त्यांची जागा डोंगर आणि दाट अरण्य घेऊ लागते, आणि छत्तीसगढच्या सरहद्दीला अगदी खेटून असलेले दरेकसा हे लहानसे स्थानक येते. पावसाळ्यात हाजरा धबधबा पाहण्यासाठी येथे पुष्कळ मंडळी उतरतात. परंतु या गावाची खरी ख्याती आहे ती जवळच्या कचारगडच्या विशाल गुहेमुळे. माघ पौर्णिमेच्या सुमारास देशाच्या अनेक प्रांतांतून गोंड समाजाचे भाविक येथे लोटतात, आणि गुहेत कोंडल्या गेलेल्या लेकरांची, त्यांच्यासाठी तळमळणाऱ्या कली कंकाली मातेची आणि त्यांची सुटका करणाऱ्या पारी कुपार लिंगोची कथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ज्या भूमीच्या आद्यकथेतच आईची अशी तळमळ आहे, त्या भूमीतील एखाद्या तरुण स्त्रीस ‘तुला मूल होऊ देणे योग्य नाही’ असे सांगावयाचे, तर सांगणाराच्या पदरी तितकाच भक्कम आधार असला पाहिजे.

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीने ग्रस्त झालेल्या स्त्रियांना वैद्यकशास्त्र अनेक दशके हेच सांगत आले, आणि त्या सांगण्यास आधार नव्हता.

ही व्याधी आहे तरी काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. शरीराचे रक्षण करण्याची कामगिरी जिच्यावर सोपवलेली, ती प्रतिकारशक्तीच या रोगात दिशा चुकते आणि मेंदू, मज्जारज्जू व डोळ्यांकडे जाणारे तंतू यांच्यावरील मायेलिन नावाच्या स्निग्ध वेष्टनावर चालून जाते. धानाला पाणी नेणाऱ्या पाटाची पाळ जागोजागी फुटली, म्हणजे तलाव काठोकाठ भरलेला असूनही शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचत नाही, तशी येथे मेंदूची आज्ञा हातापायांपर्यंत पोहोचता पोहोचता वाटेतच क्षीण होते. एका डोळ्यापुढे अकस्मात धुके येते, पायांना मुंग्या येतात, कमरेखालचा भाग बधिर होतो, लघवीवरचा ताबा सुटतो, चालताना तोल जातो, आणि या सर्वांवर कडी म्हणजे झोपेनेही न जाणारा थकवा येतो. काही आठवड्यांत हे सारे बहुधा ओसरते, घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी दुखणे पुन्हा उलटते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे पहिले सुसंगत वर्णन केले. रोग बहुधा विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान प्रकट होतो, आणि पुरुषांच्या मानाने स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. म्हणजे लग्न, संसार आणि अपत्यप्राप्ती यांचा जो काळ, नेमक्या त्याच काळात तो दारात उभा राहतो.

भारतात हा रोग विरळा मानला जातो, आणि युरोपच्या मानाने तो विरळा आहेही. परंतु त्याचा माग काढण्याचे मोठे काम महाराष्ट्रातच झाले, हे आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. मुंबईचे मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पारशी समाजामध्ये या रोगाचे प्रमाण लाखामागे वीसहून अधिक असल्याचे दाखविले; अन्य भारतीयांविषयीचे त्या काळचे अंदाज याच्या कितीतरी खाली होते. पुढे मंगळूर शहरात केलेल्या मोजणीत ते लाखामागे सुमारे ८ असे निघाले. मुंबईतच १९८५ साली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि एकमेकींची ओळखही नसलेल्या कितीतरी रुग्ण स्त्रिया तिच्या बैठकांत प्रथमच एकमेकींसमोर बसल्या. रोग विरळा असणे ही लोकसंख्येच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट खरी. ज्या एकटीच्या वाट्याला तो येतो तिला मात्र त्या विरळेपणाचा जाच होतो, कारण तिच्या तालुक्यात तिचे दुखणे ओळखणारे कोणी नसते. रोवणीच्या दिवसांत चिखलात तोल जाऊन पडणाऱ्या बाईस ‘लकवा’ झाला म्हणतात, तेंदूपत्ता तोडताना भर उन्हात डोळ्यांपुढे अंधारी आली तर अशक्तपणा म्हणतात, आणि दोन्ही आपोआप बरे झाले की मांत्रिकाचे नाव होते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. गरोदरपणी पायांना मुंग्या आल्या म्हणजे लगेच हा रोग, असे मुळीच नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि रक्तक्षय ही कारणे आपल्याकडे शतपटीने अधिक आढळतात, आणि पूर्व विदर्भात सिकलसेलचाही विचार आधी करावा लागतो.

आता त्या जुन्या निषेधाकडे वळू. गर्भारपणाने आधीच दुबळी झालेली मज्जासंस्था आणखी खचेल, बाळंतपणाचे कष्ट तिला पेलणार नाहीत, आणि अखेर अपंग आईच्या मांडीवर अनाथवत मूल राहील, अशी ती विचारसरणी होती. बाळंतपणानंतर काही स्त्रियांचे दुखणे उलटते हे डॉक्टरांच्या नजरेस आलेले होतेच. परंतु प्रसूतीच्या आधीच्या महिन्यांत त्याच स्त्रियांचे दुखणे किती शांत होते, याचा हिशेब कोणी नीट मांडलेला नव्हता. जमाखर्चाच्या वहीतील केवळ खर्चाची बाजू वाचून दिवाळे निघाल्याचे जाहीर करावे, तसे हे झाले. आपल्या समाजात तर अशा निर्णयाचे परिणाम दवाखान्याच्या दाराशी थांबत नाहीत. मूल होऊ न देण्याचा सल्ला मिळालेल्या सुनेचे घरातील स्थान कसे डळमळीत होते, आणि त्या भयाने कितीतरी मुली आपले दुखणे लग्नाआधी व लग्नानंतरही कसे लपवितात, इंजेक्शने माहेरी ठेवून तेथे जाऊन कशी घेतात, हे या रुग्णांत वावरणाऱ्यांस विचारावे. त्या निराधार सल्ल्याने जी घरे मोडली असतील, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

हा हिशेब अखेर १९९८ साली पुरा झाला. फ्रान्समधील ल्यों येथील ख्रिस्तियाँ काँफाव्र्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील १२ देशांतील २५४ स्त्रियांच्या २६९ गर्भारपणांचा मागोवा, घडत असतानाच, महिन्यामागून महिना घेत नोंदविला. गर्भारपणापूर्वीच्या वर्षात दर स्त्रीमागे दुखणे उलटण्याचे वार्षिक प्रमाण ०.७ होते, गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत ते ०.२ वर उतरले. आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२ वर चढून नंतर पूर्वपदावर आले. नऊ महिने आणि पुढचे तीन महिने असे वर्षभराचे गणित एकत्र मांडले, तर गर्भारपणाने रोग एकंदरीत वाढला असे दिसले नाही. पुढील दोन वर्षांच्या निरीक्षणात असेही आढळले, की प्रसूतीनंतरच्या त्या नाजूक तीन महिन्यांतही सुमारे ७२ टक्के स्त्रियांचे दुखणे उलटलेच नाही. इतक्या साध्या मोजणीने इतका जुना निषेध उठावा, आणि तरी ती मोजणी व्हावयास विसावे शतक सरत यावे, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

गर्भारपणी रोग शांत का होतो, याचे स्पष्टीकरण मोठे मनोवेधक आहे. गर्भ हा अर्धा आईचा आणि अर्धा बापाचा. आईच्या प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने तो निम्मा परकाच. या परक्यास नऊ महिने आश्रय द्यावयाचा तर शरीरास आपल्या सैन्याची आक्रमक फळी आवरती घ्यावी लागते, आणि गर्भारपणात वाढत जाणारी एस्ट्रिऑलसारखी संप्रेरके यास साहाय्य करतात असे मानले जाते. बाळासाठी झालेला हा तह आईच्याही कामी येतो. प्रसूतीबरोबर संप्रेरकांची पातळी एकदम खाली येते, तहाची मुदत संपते, आणि सैन्य पुन्हा बाहेर पडते. अमेरिकेतील फिलिप हेंच यांना हाच प्रकार संधिवाताच्या रुग्ण स्त्रियांत दिसला होता: गर्भारपणी त्यांचे सुजलेले सांधे मोकळे होत. शरीर स्वतःच असे कोणते द्रव्य निर्माण करीत असावे, या जिज्ञासेचा पाठपुरावा करीत हेंच आणि त्यांचे सहकारी कॉर्टिसोनपर्यंत पोहोचले, आणि १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज या रोगाचे दुखणे उलटले असता शिरेतून जे मिथाइलप्रेडनिसोलोन देतात, ते त्याच कॉर्टिसोनच्या कुळातले. अर्थात गरोदर स्त्रियांच्या मोकळ्या झालेल्या सांध्यांकडे एका डॉक्टराने लक्षपूर्वक पाहिले, त्याचे हे फळ होय.

समजा, दरेकसासारख्या गावातील एखाद्या घरी हे निदान झालेली सून आहे आणि तिला मूल हवे आहे. तिला सांगावयाची पहिली गोष्ट ही, की या रोगाने गर्भधारणेची क्षमता जात नाही, गर्भपाताचे वा व्यंग असलेले मूल जन्मण्याचे प्रमाण त्याच्यामुळे वाढलेले आढळत नाही, आणि रोग वारसा म्हणून मुलाच्या पदरात पडतोच असेही नाही. युरोपीय पाहण्यांनुसार रुग्ण आईच्या शंभर मुलांपैकी दोन-तिघांसच तो पुढे होतो. दुसरी गोष्ट अधिक निकडीची: दिवस राहण्याआधी आपल्या मेंदुविकारतज्ज्ञाशी बोलणे झाले पाहिजे, दिवस गेल्यानंतर नव्हे. याचे कारण औषधांत आहे. इंटरफेरॉन बीटा आणि ग्लॅटिरामर या जुन्या इंजेक्शनांविषयीचा अनुभव आश्वासक असून गरज असल्यास ती गर्भारपणातही चालू ठेवण्याची मुभा आता दिली जाते. टेरिफ्लुनोमाइड या गोळीची गोष्ट निराळी आहे. ती गर्भास घातक ठरू शकते आणि बंद केल्यानंतरही शरीरात तिचा अंश दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकतो, म्हणून कोलेस्टिरामिन देऊन ती आधी शरीराबाहेर काढावी लागते. फिंगोलिमोड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. परंतु ते थांबविल्यावर कित्येकींचे दुखणे पूर्वीपेक्षा जोराने उसळते, यास्तव त्याच्या जागी दुसरी तजवीज करून मगच ते थांबविणे शहाणपणाचे. खर्चाच्या कारणाने आपल्याकडे पुष्कळ रुग्णांना रिटुक्सिमॅब देतात. त्याचा परिणाम महिनोन्‌महिने टिकतो, आणि तज्ज्ञ मंडळी तो काळ हिशेबात धरून गर्भधारणेची वेळ सुचवितात. चोरून, घाईने किंवा सासरच्या आग्रहापोटी औषध एकाएकी सोडून दिवस राहू देणे, हीच या संपूर्ण प्रवासातील सर्वांत मोठी चूक होय. आणि ती बहुधा रुग्ण स्त्रीची नसून, ज्याच्याशी मोकळेपणी बोलणे तिला शक्य होत नाही त्या घराची असते.

आणखी एक गोष्ट तज्ज्ञांकडून पक्की करून घ्यावी. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा एक वेगळा रोग या रोगाशी इतका मिळताजुळता आहे, की २००४ साली त्याची रक्तातील खूण सापडेपर्यंत दोहोंची गल्लत सर्रास होत असे. त्या रोगात गर्भारपण इतके सुखाचे नसते. तेव्हा वर सांगितलेला दिलासा निदानाची खात्री झाल्यावरच आपला मानावा.

गर्भारपणाविषयी फारसे सांगावयाचे नाही, कारण ते बहुधा इतर स्त्रियांसारखेच जाते. लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्गावर नजर ठेवावी, कारण त्याच्या तापाने जुनी लक्षणे पुन्हा डोके वर काढतात. पोट वाढू लागले की तोल अधिक जातो, म्हणून ओल्या अंगणातून वा बांधीच्या धुऱ्यावरून एकटीने जाऊ नये. एम.आर.आय. तपासणी अगदी आवश्यक असल्यास करता येते, मात्र शिरेतून द्यावयाचे गॅडोलिनियम त्या काळात टाळतात. प्रसूती नैसर्गिक रीतीने होऊ शकते. या रोगापायीच शस्त्रक्रिया करावी असा नियम नाही. पाठीच्या कण्यातून भूल देण्याबद्दल जे भय पूर्वी बाळगले जाई, त्यास १९९८ च्या त्या अभ्यासात पुरावा मिळाला नाही. ज्यांच्या मज्जारज्जूला मोठी इजा झालेली आहे त्यांना कळा उशिरा जाणवण्याचा संभव असतो, म्हणून अशा स्त्रीने तारखेच्या बरेच आधी रुग्णालयाजवळ मुक्कामास जावे. महाराष्ट्राच्या आदिवासी तालुक्यांतील काही आरोग्य केंद्रांशेजारी यासाठीच राहण्याची जी सोय करण्यात आली, तिला ‘माहेरघर’ असे फार गोड नाव दिलेले आहे. दरेकसाहून निघालेल्या स्त्रीस गोंदियाचे बाई गंगाबाई महिला रुग्णालय आणि तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रेल्वेने जोडलेले आहे. मेंदुविकारतज्ज्ञाच्या नियमित सल्ल्यासाठी मात्र नागपूर गाठण्याची तयारी ठेवावी लागते.

आता मूळ विषयाशी येतो. या रोगात गर्भारपण हा संरक्षित काळ असून खरी परीक्षा त्यानंतरच्या तीन महिन्यांची आहे, हे ज्ञान विज्ञानास १९९८ साली झाले. पण त्या तीन महिन्यांना जपण्याची रीत आपल्या घराघरांत केव्हाची चालत आलेली आहे. पहिलटकरणीने माहेरी जावयाचे, सव्वा महिना खोलीबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, स्वयंपाकपाणी, धुणीभांडी, पाणी भरणे यांपैकी कशालाही हात लावावयाचा नाही, आणि रात्री मूल रडले तर पाजण्यापुरते जागे होऊन बाकीचे जागरण आईने, मावशीने, आजीने वाटून घ्यावयाचे, ही जी बाळंतपणाची शिस्त, तिच्याहून अधिक हितकर अशी व्यवस्था या रोगाच्या बाळंतिणीसाठी कोणा तज्ज्ञालाही सुचविता आली नसती. निद्रानाश आणि श्रम यांनी तिचा थकवा दुणावतो. ते दोन्ही काढून घेणारी माणसे आपली रीत तिच्याभोवती उभी करते. उणीव आहे ती पुढे. पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी, या वहिवाटीमुळे दुसऱ्या खेपेस तीच स्त्री बारा-पंधरा दिवसांत चुलीपुढे बसते, हाताशी पहिले मूल असते, आणि प्रसूतीनंतरचा धोका मात्र तिच्यापुरता तेवढाच राहिलेला असतो. अशा सुनेला दुसऱ्या वेळीही माहेरी धाडावे, अथवा सासरलाच माहेर करावे.

परंतु याच रीतीतील एक भाग या रोगात बदललाच पाहिजे, आणि तो म्हणजे शेगडी. दारे-खिडक्या लावून घेतलेली खोली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी (सरहद्दीपलीकडील छत्तीसगढी घरांत हिलाच गोरसी म्हणतात), ओवा-बाळंतशेपांची धुरी आणि अंग पोळेल इतक्या कढत पाण्याचे न्हाणे, यांवर आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांची दृढ श्रद्धा. जर्मनीचे नेत्रवैद्य विल्हेल्म ऊटहॉफ यांनी १८९० साली नोंदविले, की या रोगाच्या माणसाचे अंग श्रमाने तापले म्हणजे त्याची दृष्टी तेवढ्यापुरती मंदावते. त्यामागचे कारण सांगता येते: वेष्टन झिजलेल्या तंतूतून संदेश आधीच कष्टाने पुढे सरकत असतो, आणि शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडखळू लागतो. पूर्व विदर्भाच्या वैशाखात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, अशा बाळंतिणीस बंद खोलीत शेकू लागले तर तिचे पाय लटके पडतात, डोळ्यांपुढे धुके येते, आणि घर हादरते: दुखणे उलटले! वास्तविक दुखणे उलटलेले नसते. खोली गार झाली, अंग निवले, की ती लक्षणे ओसरतात. यात दुसराही एक धोका आहे, आणि तो अधिक कायमचा. जिच्या पायांची किंवा पाठीची संवेदना मंद झालेली आहे, तिला निखाऱ्याची आच आणि पाण्याचा चटका वेळेवर समजत नाही. तेव्हा पाणी दुसऱ्या कोणीतरी आपल्या कोपराने पाहून मगच तिच्या अंगावर घालावे. तेलाची मालीश खुशाल चालू द्यावी, डिंकाचे लाडूही चालू द्यावेत, पण न्हाणे कोमट असावे, खिडकी उघडी असावी आणि बाजेखाली निखारा नसावा. ताप नसताना, अंग गार असताना, नवा बधिरपणा किंवा नवी अशक्तता दिवसभराहून अधिक टिकली, तर मात्र ते खरे दुखणे समजून त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे.

अंगावर पाजण्याविषयी पूर्वी साशंकता होती. अलीकडील निष्कर्ष असे, की बाळास केवळ अंगावरच पाजणाऱ्या मातांमध्ये प्रसूतीनंतर दुखणे उलटण्याचे प्रमाण कमीच दिसते. ग्लॅटिरामर आणि इंटरफेरॉन घेत असताना पाजता येते. टेरिफ्लुनोमाइड आणि फिंगोलिमोड घेत असताना पाजू नये. शिरेतून स्टेरॉइड द्यावे लागल्यास काही तास थांबून पाजण्याचा सल्ला सामान्यतः देतात. रोग अत्यंत उग्र असेल तर औषध लगेच सुरू करून बाळास वरचे दूध देणे इष्ट ठरते, आणि तसे ठरविणाऱ्या आईस कोणी दूषण देऊ नये. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात या व्याधीचा स्पष्ट उल्लेख आहे; जिचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक आहे तिने दाखला काढून ठेवण्यास संकोच करू नये.

राहता राहिला प्रश्न बाळाच्या उबेचा, कारण शेगडी केवळ आईसाठी नसून त्याच्यासाठीही आहे, असे आजी सांगेल, आणि ते खरेही आहे. नवजात बालकास थंडी सोसत नाही. याचे उत्तर कोलंबियातील बोगोटा शहराच्या एका रुग्णालयात १९७०च्या दशकाच्या अखेरीस, उबदार पेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा मिळाले: कमी दिवसांची बाळे उघड्या छातीशी, कातडीस कातडी लावून, कापडाने बांधून ठेवावयाची, आणि ती छाती आईचीच असली पाहिजे असे नाही. दरेकसाच्या माघातील थंड रात्री, आई खिडकीकडे तोंड करून गाढ झोपलेली असताना, बापाने सदरा काढून लेकरू छातीशी धरावे, वरून घोंगडी घ्यावी, आणि पुढच्या पाजण्याची वेळ होईपर्यंत तसेच भिंतीला टेकून बसावे.